कमलच्या गळ्यातला बिल्ला

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज पुन्हा कमलच्या गळ्यातला तो बिल्ला पाहिला आणि रात्री भाकरी तशीच झाकून ठेवली. जंगलात पाहुण्यांना फिरवायच्या कामासाठी आम्ही दोघी एकाच दिवशी मुलाखतीला गेलो होतो. मी साहेबांपुढं मुकी झाले, ती घडाघडा बोलली. तिला बिल्ला मिळाला, मी अजून हिरडाच वेचते. पण ओतूरहून लग्न होऊन या रानात आलेल्या कमलला झाडं कुणी दाखवली? मीच ना?

दुपारी ती पुण्याचे पाहुणे घेऊन आली, तेव्हा मी वाटेवरच भाजी खुडत होते. एका बाईंनी वेलीकडं बोट दाखवलं. कमल म्हणाली, "ही चाई. कवळी पानं खात्यात." ती चाई नव्हती. दिसते तशीच, पण खाल्ली तर घसा सुजतो. मला कळत होतं, तरी मी गप्प राहिले. तिची फजिती व्हावी म्हणून? बाईंनी पान तोंडाजवळ नेलं, तेव्हा कुठं ओरडले, "खाऊ नका!"

कमल लाल झाली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "चुकलं माझं. रान हिला लई कळतं, मला हिनंच शिकवलंय." तो बिल्ला मिरवत एवढं मोठं मन! आणखीच जळफळाट झाला.

आत्ता घरी येऊन गेली. "उद्यापासून चल की माझ्याबरूबर, साहेबांशी मी बोलते."

मी म्हणाले, "मला येळ न्हाई."

उद्या मला काहीसुद्धा काम नाही.