फायलीचं शेपूट

मॅडम, दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आधी खुर्ची आणि पाणी देणाऱ्या लोकांना, आलेली फाईल लगेच उघडू नका, हे कसं शिकवायचं? तीन वर्षं मी दर रविवारी गावातल्या समाजमंदिरात बायकांना हेच शिकवत होते. लग्नाची पत्रिका म्हणून मोबाईलवर काही आलं आणि त्याच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ती पत्रिका नाही, ते मोबाईलमध्ये घुसणारं ॲप आहे, असं फळ्यावर लिहून दाखवायचे. बायका माना डोलवायच्या. मग एखादी विचारायची, "पण गो, खरंच कुणाचं लगीन असलं तर? आपण उघडलंच नाय तर त्यांना काय वाटंल?" मी हसून पुढचं शिकवायला लागायचे.

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. रोह्याचा तुमचा क्लास अजून डोळ्यांसमोर आहे. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सात कंप्युटर, त्यातला एक कायम बंद. मी हमरापूरहून पेणला येऊन गाडी धरायची, कासू स्टेशन गेलं की वही काढायची आणि निडी येईपर्यंत आदल्या दिवसाचं पाठ करायची. बाकीच्यांना कंपनीत चिकटायला सर्टिफिकेट हवं होतं. मला काय हवं होतं ते मलाही सांगता येत नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मला वाटायचं की मी शिकले की सगळं घर माझ्यामागून वर येईल.

एक दिवस तुम्ही प्रत्येक कंप्युटरवर एक फाईल ठेवलीत. हिरवं चौकोनी चित्र, नाव 'निकाल'. आमचा बारावीचा निकाल लागायचा होता. मी बसल्या बसल्या दोनदा क्लिक केलं. स्क्रीन काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत आलं, 'तुझं सगळं गेलं.' तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "काय गो, बोर्डाने तुझा निकाल माझ्याकडे पाठवला व्हय?" सगळा क्लास हसला. मला रडू आलं, तरी तुम्ही सोडलं नाहीत. माझ्याच हाताने फायलींची पूर्ण नावं दाखवणारी ती बारीक चौकट शोधायला लावलीत, तिच्यात खूण करायला लावलीत, आणि त्या हिरव्या चित्राच्या नावामागे लपलेलं ईएक्सई बाहेर आलं. "चित्र कुणीही चिकटवतं," तुम्ही म्हणालात. "नाव कुणीही ठेवतं. तू शेपूट बघ." मग वहीत यादी घातलीत. जेपीजी म्हणजे फोटो. ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस ही स्वतः उठून कामाला लागणारी, ओळख नसेल तर हात लावायचा नाही. वर्डच्या फायलीला शेवटी एम असेल आणि ती परवानगी मागत असेल, तर द्यायची नाही. झिप म्हणजे गाठोडं, आत काय आहे त्याचं शेपूट वेगळं बघायचं. क्लास संपला त्या दिवशी तुम्ही मला तुमचा पेनड्राईव्ह दिलात. "दर शनिवारी कॉपी घे आणि काढून ठेव. काढून, बरं का."

पदवीचा निकाल दाखवायला मी आले तेव्हा त्या खोल्यांना कुलूप होतं. तुमच्या आजाराचं आणि जाण्याचं खालच्या दुकानदाराने सांगितलं.

आता जे झालं ते सांगते. तुम्हाला आमचा मूर्तींचा कारखाना ठाऊक नाही. गणपतींच्या डोळ्यांची आखणी बाबा करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्याच्या आधीच्या सहा हंगामांत मी त्यांच्या आखणीचे फोटो काढून ठेवले होते, भुवईची पहिली रेघ, पापणी, मग बुबुळ, मग त्यातला तो पांढरा ठिपका. चार हजारांच्या वर फोटो. वहिनी कंप्युटरवर ते मोठे करून बघते आणि तशी रेघ ओढायला शिकते. बाबा शेजारी बसतात आणि डाव्या हाताने दाखवतात. "पापणी जड कर. देव झोपंतून उठलेला नाय दिसला पायजे." गिऱ्हाईक आमच्याकडे त्या डोळ्यांसाठी येतं.

आमच्याकडे रीत अशी की गिऱ्हाईक गेल्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो पाठवतं आणि म्हणतं, अशीच हवी. फोटो आला की वहिनी त्याला गिऱ्हाइकाचं आणि गावाचं नाव देते. मी मोठ्या हौसेने कारखान्याच्या कंप्युटरवर शेपटं दिसतील असं करून ठेवलं होतं. पण नाव बदलताना वहिनी सगळंच पुसायची, शेपटासकट. कंप्युटर विचारायचा, बदलू का? ती हो म्हणायची. मग फोटो उघडायचा नाही आणि मला पेणच्या ऑफिसात फोन यायचा. "गो ताय, बाप्पा परत बंद झाला!" दिवसातून तीन तीन वेळा. गेल्या वर्षी ऐन हंगामात मी एकदा कंटाळून ती चौकट उघडली आणि खूण काढून टाकली. शेपटं लपली. फोन थांबले. वहिनी खूश झाली, "आता कसा शाना झाला कंप्युटर." खूण काढली हे मी तिला सांगितलं नाही. रविवारी समाजमंदिरात मात्र शिकवत राहिले, शेपूट बघा.

या वर्षी एका मंडळाच्या नावाने मेल आला. झिप होती, आत 'गेल्या वर्षीचे बाप्पा', फोटोचं चित्र चिकटवलेलं. वहिनीने उघडलं. गणपतीचा फोटो न उघडता टाकून द्यायचा, हे आमच्या कारखान्यात कुणाच्या मनातही येणार नाही. तो एससीआर होता. मी संध्याकाळी पोचले तेव्हा सगळे फोटो पांढरे कागद झाले होते आणि प्रत्येक नावामागे पाच अक्षरांचं अनोळखी शेपूट लटकत होतं; एकही उघडेना. कंप्युटर ओळखीचीच शेपटं लपवतो, मॅडम, अनोळखी लपवत नाही. कॉपीची हार्डडिस्क मागे लावलेलीच होती, काढायचा कंटाळा म्हणून. तीही गेली. पेणमध्ये दोघांना आणि पनवेलला एकाला दाखवलं. तिघांनीही सांगितलं, फोटो परत येणार नाहीत. तुमच्या पेनड्राईव्हमध्ये बघितलं, त्यात फक्त माझा टायपिंगचा सराव आहे.

त्या संध्याकाळी मी वहिनीवर ओरडले. "किती वेळा सांगितलं शेपूट बघायला!" ती रंगाच्या वाटीकडे बघत म्हणाली, "बघितलं गो. नव्हतंच." दादाने तिला नाही नाही ते सुनावलं. खूण मी काढली होती, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. त्यानंतर वहिनीने कंप्युटरला हात लावलेला नाही, आणि कुंचला धरला की ओढलेली रेघ ती लगेच पुसून टाकते. बाबा डावा हात हवेत फिरवून दाखवतात, पण हवेतली रेघ कुणाला दिसत नाही. या वर्षीचे गणपती आमच्याकडून कोणती नजर घेऊन बाहेर पडतील, मला माहीत नाही.

रविवारचा वर्ग मी बंद केला. बायकांनी कारण विचारलं, मी ऑफिसचं काम सांगितलं. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला पत्ताही नाही. पण खरं सांगायचं तर, तुम्ही असतात तर मी हे लिहिलंच नसतं. तुमच्यापासूनही लपवलं असतं.

आज सकाळी कारखान्यात सगळे असताना मी सांगितलं की खूण मी काढली होती. दादा उठून बाहेर गेला. बाबांनी मान खाली घातली. वहिनी म्हणाली, "मला वाटलं माझेच डोळं गेलं." आणि पुढची मूर्ती ओढून घेतली. मी कंप्युटर लावला, ती चौकट शोधली आणि खूण पुन्हा केली. आत शेपूट दिसायला आमची एकही धड फाईल उरलेली नाही. तरी केली.