माजी मॉडेल आणि कचऱ्याचा डबा

ती. डोरीन मावशीस,

केरीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? ब्लॅकपूलला थंडी फार असेल, आणि तुझ्या लॉजवर पाहुणे तरीही येतच असतील. इकडे कॅलम बरा आहे, म्हणजे खातो-पितो. फुटबॉलच्या सामन्यात त्याच्याकडून गोल तेवढा होत नाही. मी मात्र पार हादरले आहे.

सोमवारी मी गाऊनवरच कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवला. मंगळवारी तो डबा, मी आणि माझ्या दोन्ही नडग्या पेपरात! मथळा काय, तर 'कॅलमच्या बायकोने दाखवले लांबसडक पाय.' (दाखवले? कुणाला, कचरेवाल्यांना?) खाली 'माजी मॉडेल'. अगं, एकोणिसाव्या वर्षी मी एका दुकानाच्या जाहिरातीत गालिच्यावर बसले होते, तेही नाक गळत असताना! त्यानंतर अर्ध्या गावाची बाळंतपणं केली, पण 'सुईण' हा शब्द काही त्यांना सुचत नाही.

खरा धक्का पुढेच आहे. 'बायकोला लंडनच्या दुकानांची ओढ, म्हणून कॅलम क्लब सोडणार!' मला ओढ? भुयारी गाडीत माझा जीव गुदमरतो. तिथला क्लब बोलावतोय त्याला, जायचंय त्याला, आणि मी रोज नको नको म्हणतेय. शनिवारी सामन्याला गेले, तर आख्खा स्टँड माझ्याकडे बघून 'चालती हो' असं सुरात गायला लागला. (चाल बरी होती.) आर्थर खाटकाची नात मी या हातांनी जगात आणली, आणि तो म्हणतो, "लंडनच्या बाईंना आमची सॉसेजं कशी चालायची, पोरी?" मी दुकानाबाहेर येऊन ढसाढसा रडले. लगेच त्याचाही फोटो: 'संसारात वादळ!'

ही माहिती म्हणे 'जोडप्याच्या निकटवर्तीयांनी' दिली. मी कामावरच्या सगळ्यांवर संशय घेतला, सासूशी तर बोलणंच टाकलं. फार वाईट वाटलं बिचारीला.

तुझी,
केरी

ता. क. कॅलम सामन्याच्या आदल्या दिवशी माझे गुलाबी मोजे घालून फिरतो, हेही छापलंय. मावशी, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. तू मागच्या पत्रात लिहिलेला, तुझ्याकडे उतरलेला तो गोडबोल्या पाहुणा न्याहारीला दुसरा चहा मागून आमची चौकशी करत बसून राहतो का गं?

आणखी एक ता. क. रागावले नाही. उद्या त्याला चहाबरोबर एवढंच सांग, की कॅलम गेला तरी केरी गाव सोडणार नाही. पहिल्या पानावर येईल असं सांग. घरात मी रोज सांगते, पण कॅलमला ते खरं वाटत नाही. पेपरात आलं की वाटेल.