आटे नसलेली जोडणी

तीर्थस्वरूप मामा यांस,

तीन वेळा साबण लावूनही पेट्रोलचा वास न गेलेल्या हातांनी केलेला नमस्कार स्वीकारावा. आपली पाठ आणि मामींचे गुडघे यांची खुशाली कळवावी. इकडे आम्ही तिघेही सुखरूप आहोत, आणि ‘सुखरूप’ हा शब्द मी या वेळी विचारपूर्वक वापरीत आहे. हे सारे फोनवर सांगता आले असते. परंतु फोन आईच्या खुर्चीशेजारी असतो आणि फोनवर माझ्या तोंडून तिसरे वाक्य फुटत नाही, हे आपण जाणताच. (मागच्या वेळी लाइन कट झाली असे समजून आपण फोन ठेवलात. लाइन चालू होती. मी शब्द शोधत होते.)

गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर बाबांच्या उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी राहिली नाही. पाणीपुरवठ्यात तीस वर्षे हेड फिटर म्हणून मांडीएवढे पाइप खोललेल्या माणसाला आई आता औषधाच्या बाटलीचे झाकणही उघडू देत नाही. अशातच आमची गाडी महिनाभर आचके देऊन अखेर दारातच बंद पडली. आईने निकाल दिला की येत्या रविवारी भंगारवाला येईल आणि गाडीबरोबर हत्यारांची पेटीही नेईल. गाडीचे ऐकून बाबा जेवत राहिले. पेटीचे नाव निघाल्यावर मात्र त्यांचा घास हातातच राहिला. रविवारच्या आत गाडी सुरू केली तर, असे त्यांनी विचारले. सुरू झाली तर दोन्ही ठेवा, आई म्हणाली, पण त्या हाताने? हे शेवटचे शब्द बोलायला नको होते असे तिलाही वाटले असावे, कारण तिने लगेच न मागता त्यांना भाजी वाढली. मामा, आपल्याला आपल्या गॅरेजमधून बोलावून घ्यावे असे मी हळूच सुचवले. त्यावर बाबांचे म्हणणे असे की मेव्हण्याने सुरू केलेली गाडी ही मेव्हण्याची गाडी.

बाबांच्या निदानानुसार पेट्रोलचा फिल्टर तुंबला होता आणि तो बदलण्यासाठी त्याला जोडलेली नळी सोडवणे आवश्यक होते. काल दुपारी गाडीचे इंग्रजी पुस्तक उघडून मी बॉनेटपाशी उभी राहिले. “इंधनवाहिनीची जोडणी विलग करण्यापूर्वी वाहिनीतील दाब मुक्त करावा,” असे मी भाषांतर केले. (पारिभाषिक शब्द मी आदल्या दिवशी वहीत काढून ठेवले होते.) बाबा बॉनेटखालूनच म्हणाले, “पंडितबाई, मला पेपर नाही द्यायचा. काय काढू ते सांग.” मग पंपाचा फ्यूज काढला, चार वेळा स्टार्टर मारून पाहिला, बॅटरीची वायर सोडली. तरीही थोडे पेट्रोल उडेल, असा पुस्तकात इशारा होता. म्हणून मी फडके धरून उभी होते. दारात आई पाण्याची बादली घेऊन उभी राहिली. पेट्रोलच्या आगीवर पाणी चालत नाही, माती आण, असे बाबांनी सांगताच ती आत गेली आणि फुलझाडाची कुंडी घेऊन आली. झाडासकट.

यानंतर बाबांनी ती जोडणी फिरवायला सुरुवात केली. तीस वर्षे त्यांच्या जगात जे जे जोडलेले होते ते डावीकडे फिरवल्यावर सुटत आले होते. ही जोडणी डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली, गोल गोल फिरली, सुटली मात्र नाही. तेव्हा त्यांनी पाइप पान्हा काढला. जोडणी प्लास्टिकची, पान्हा हातभर लांब, आणि तो धरणारा हात उजवा. पान्हा दोनदा सटकला. तिसऱ्यांदा प्लास्टिक करकरले आणि सांध्याशी पेट्रोलचा एक थेंब जमू लागला. काय करायला हवे ते माझ्या हातातल्या पानावर, चौथ्या ओळीत, स्पष्ट लिहिलेले होते. परंतु पाइपांच्या बाबतीत बाबांची चूक दाखवण्याची आमच्या घरात पद्धत नाही, कारण आजवर कुणाला तशी गरजच पडली नव्हती. थेंब पडला. दुसरा जमू लागला. आईने कुंडी उचलली.

“बाबा, थांबा. ते फिरवून निघत नाही. त्याला आटेच नाहीत.”

हे मी नव्हे, आई बोलली असे मला क्षणभर वाटले.

“आटे नाहीत?” बाबा म्हणाले. “मग धरून कशाने बसलंय?”

आत एक क्लिप असते, तिला दोन कान असतात; नळी आधी आत ढकलायची, मग दोन्ही कान दाबून बाहेर ओढायची, असे मी सांगितले. काढायच्या वस्तूला आत ढकलणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. तरी त्यांनी पान्हा खाली ठेवला. त्यांनी ढकलले, मी अंगठ्यांनी कान दाबले. दोनदा काहीच झाले नाही. तिसऱ्यांदा ‘टक्’ असा आवाज झाला आणि नळी जणू तिची कधीच हरकत नव्हती अशी निघून आली. पेट्रोल आधी फडक्यावर आणि मग माझ्या चष्म्यावर उडाले. बाबा नळीच्या तोंडात बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “खरंच गं. आटे नाहीत.” आईने कुंडी जागेवर नेऊन ठेवली आणि हातासरशी झाडाला पाणी घातले.

अशा रीतीने जोडणी सुटली, हे आपणांस कळवण्याचा आनंद या पत्रामागे आहे. मामींना नमस्कार.

आपली भाची

ता. क. जोडणी सुटली हे खरे, पण ती परत बसत नाही हेही खरे. नवा फिल्टर बसवून बाबांनी कालपासून अकरा वेळा नळी दाबली. ‘टक्’ होत नाही आणि पंप सुरू करताच पेट्रोल गळते. आज सकाळी त्यांनी सगळी हत्यारे पुसून पेटीत ठेवली आणि आईला म्हणाले, “तुझं बरोबर होतं. हातात जोर नाही राहिला.” मामा, दोष हाताचा नाही. तिसऱ्या वेळी माझ्या अंगठ्याखाली क्लिपचा खालचा, बाबांना न दिसणारा कान तुटला. त्याशिवाय नळी अडकतच नाही. मी तो मुठीत लपवला. आधी सगळे आनंदात होते म्हणून बोलले नाही, नंतर कुणीच आनंदात नव्हते म्हणून. कृपया तशी एक क्लिप शनिवारपूर्वी सहज म्हणून पाठवावी आणि माझे नाव येऊ देऊ नये.

ता. क. २. वरील मजकूर शुद्धलेखनासाठी तपासला. चूक सापडली नाही, तरी पाकीट बंद करवेना. म्हणून बाबांकडे गेले आणि तुटका कान त्यांच्या तळहातावर ठेवला. (रागावण्याच्या तीन प्रकारांना तीन उत्तरे तयार केली होती; ती तशीच शिल्लक आहेत.) खिडकीशी जाऊन त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. “म्हणजे मी अकरा वेळा दाबलं तेव्हा हा नव्हताच?” मी ‘नव्हता’ म्हटले. “म्हणजे हात ठीक आहे.” हेच त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला दोनदा ऐकवले आणि पेटी पुन्हा बाहेर काढली. तेव्हा ‘सहज’ वगैरे लिहिण्याची आता आवश्यकता नाही. क्लिप मात्र एकीऐवजी दोन पाठवाव्यात. बाबा म्हणतात, मुलीचा हात जड आहे.