आमचा दत्ता विमानात आहे

२ जून, सकाळ

आजपासून रोजनिशी. मी सांगते, सून विनोदिनी लिहिते. वही फक्त माझ्यासाठी. मला वाचता येत नाही, म्हणजे वाचणारं एक माणूस आणखी कमी.

नातू दत्तप्रसाद याने डिचोलीच्या औषधांच्या कारखान्यातली परमनंट नोकरी सोडली. सोमवारपासून मोप्याच्या विमानतळावर, भिंगरी एअरमध्ये. भिंगरी म्हणजे नवी कंपनी, स्वस्तातली विमानं. मीच म्हटलं, सोड. गोळ्यांची खोकी मोजण्यात जन्म घालवणार काय?

देवाला विचारूनच म्हटलं. कौल लावला. मूर्तीला ओली करून चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही. पहिल्यांदा डावीकडून पडली, पण पंखा चालू होता. दुसऱ्यांदाही डावीकडून, पण भटजींनी ती नीट ओली केली नव्हती. तिसऱ्यांदा मी गाऱ्हाणं जरा सविस्तर घालायला लावलं, तेव्हा उजवीकडून. देवालाही सगळं फोडून सांगावं लागतं.

विनोदिनीने इथे पेन खाली ठेवलं. उचल म्हटलं. मुलाची आई आहे, घाबरते.

१० जून

दत्ताला कंपनीचा पिवळा शर्ट, निळी पॅंट. हळदीला बसलेल्या नवऱ्यासारखा दिसतो. तो विमानात चढत नाही, काउंटरवर लोकांच्या बॅगा वजन करतो. शेजारीण पार्वती म्हणाली, "म्हणजे रेशनवरच्या माणसासारखा गे?" मी म्हटलं, रेशनचे तांदूळ उडतात काय?

गावात "दत्ता विमानात आहे" असंच सांगायचं ठरवलं. खोटं नाही. विमानाच्या पुष्कळ जवळ आहे.

२८ जून, दुपार

दत्ताने धंदा समजावला. विमान खाली उभं राहिलं की नुकसान, वर असलं की कमाई. म्हणून अर्ध्या तासात माणसं उतरवायची, झाडलोट करायची, दुसरी भरायची. मी म्हटलं, ही तर आमची देवळातली पंगत! एक उठली की पत्रावळी उचल, जागा पुसून घे, दुसरी बसव. गप्पा मारत बसणाऱ्याला उठव. मी जन्मभर हेच केलं. मला कुणी विचारलं असतं तर ही कंपनी मीच आधी काढली असती.

विनोदिनी म्हणाली, आई, पंगत फुकट होती म्हणून भरायची. ही मुद्दा सोडून बोलते.

१९ जुलै

धंदा जोरात. धारगळला हायवेवर भिंगरीचा मोठा बोर्ड लागला, आमच्या सगुणच्या काजूच्या दुकानासमोरच. सगुण म्हणजे दत्ताचा बाप. विमानं भरून जातात. हैदराबाद, इंदूर, नागपूर.

पार्वती लेकीकडे हैदराबादला भिंगरीनेच गेली. बसपेक्षा स्वस्त. सात किलो फुकट, वर गेलं की पैसे. हिच्या बॅगेत नारळ, कोकमाची सोलं, उकडे तांदूळ. दत्ताने वजन करून सांगितलं, आजी, जास्त आहे. पार्वतीने तिथेच बॅग उघडली आणि अंगावरच्या लुगड्यावर आणखी दोन नेसली. शिडीवर तिला दोघांनी मागून रेटली म्हणे.

परत आली ती रागातच. विमानात पाणीसुद्धा विकत देतात, म्हणाली. मी म्हटलं, तू तरी कधी आपणहून कोपभर पाणी पुढे केलंस? तेव्हापासून बोलत नाही. घर शांत आहे.

५ सप्टेंबर

दत्ताला चवथीची रजा नाही. मोठ्या हुद्द्याचं लक्षण. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी सगुणने एकट्यानेच बांधली, जरा तिरकी झाली.

कंपनीने ऑफिसातला चहा बंद केला. शहाणी माणसं. चहात किती वेळ जातो.

१४ ऑक्टोबर

पगार अर्धा आला. उरलेला पुढच्या महिन्यात येणार. सहा विमानांतली दोन त्यांच्या मालकाने परत नेली. विमानं भाड्याची होती हे आजच कळलं. मला उलट बरं वाटलं. लग्नातली मोठी भांडीसुद्धा आपण भाड्यानेच आणतो आणि कार्य संपलं की परत करतो.

विनोदिनी म्हणाली, "कार्य संपलं की."

लिही म्हटलं, बोलू नको.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज मी विमानात बसणार होते. स्टाफच्या घरच्यांना सवलत. मुंबईला जायचं, संध्याकाळी माघारी. भ्यायचं नाही असं ठरवलं होतं. भ्याले नाही. विमानच आलं नाही. इंजिनाचा कसला भाग मिळत नाही म्हणे.

काउंटरवर दत्ता एकटा. बाकीचे सगळे मीटिंगला गेलेले. माणसांचा हा घोळका त्याच्याभोवती. सगळ्यांचा चांगला घरोबा असावा, त्याच्या आईबापापर्यंत जाऊन पोचले होते. एकाने मेजावर हात आपटला. एक बाई रडत होती, तिचा भाऊ तिकडे आयसीयूत. दत्ता सॉरी मॅडम, सॉरी सर म्हणत होता, लहानपणी पाढे म्हणायचा तसा, एका सुरात, खाली बघून.

छातीवरची नावाची पट्टी त्याने उलटी लावली होती. मी मध्ये घुसून सरळ केली. त्याने पुन्हा उलटी केली. म्हणाला, "आजी, तू घरी जा."

गर्दीवरून धंदा कळतो. कंपनी जोरात आहे.

३ डिसेंबर

आता एकच विमान. एक असलं की लक्ष नीट राहतं. मला एकच मुलगा, काही अडलं काय?

दत्ता ड्युटीला जातो, बसतो, येतो. ताटात अर्धं टाकतो. मी खिडकीत, जनेलाशी बसून विमानाचं पिवळं शेपूट दिसतं का बघते. आज दिसलं नाही. ढग होते.

विनोदिनी म्हणते, डिसेंबरात ढग?

जनेलाशी बसायचं नाही असा निश्चय केला.

४ डिसेंबर

ढग.

८ जानेवारी

भिंगरी तात्पुरती बंद. दत्ताला फोनवर मेसेज आला, माणूस कुणी बोललं नाही. तात्पुरती हा चांगला शब्द आहे. आमच्या ओढ्यावरचा साकव तात्पुरता म्हणून घातला होता, सगुणच्या बारशाला. अजून आहे.

पार्वतीला कुंपणावरून ओरडून सांगितलं, दत्ताची रजा साठलीय, ती घेतो आहे. ती आत निघून गेली. बोलत नाहीच ती.

दत्ता दिवसभर खोलीत. पंख्याचा आवाज येतो.

३० जानेवारी

दत्ता डिचोलीच्या कारखान्यात जाऊन आला. सायबाने खुर्ची दिली, चहा दिला, घरच्यांची विचारपूस केली. जागा मात्र भरली. पार्वतीचा नातू विशाल तिथे लागला. परमनंट.

संध्याकाळी पार्वती स्वतः पेढे घेऊन आली. एवढ्या महिन्यांनी तोंड उघडलं, तेसुद्धा गोड. "तुमच्या दत्ताचीच जागा गे ती, त्याचेच पुण्य," म्हणाली. दत्ताने तिच्यासमोर अख्खा पेढा खाल्ला. चांगला आहे म्हणाला. आणखी एक घेतला. मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

विनोदिनी आज लिहिताना मध्ये काही बोलत नाही. बोलली असती तर बरं होतं.

१२ फेब्रुवारी

दत्ताशी बोलायचं ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. जेवताना तोच म्हणाला, "आजी, तू सांगितलंस म्हणून मी नोकरी सोडली नाही गे. मलाच जायचं होतं."

मग प्रश्नच मिटला. पोर खरं बोलतं, माझ्यावर गेलंय.

विनोदिनी म्हणते, हे लिहू? लिही म्हटलं. ठळक लिही.

६ मार्च

दत्ताला विमानतळावर पुन्हा काम लागलं! सकाळी सातालाच घेऊन गेले. मी म्हणतच होते. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला सांगितलं, देवळात सांगितलं, पार्वतीला दोनदा सांगितलं. विनोदिनी म्हणाली, आई, जरा थांबा, त्याला येऊ तर द्या. मी कशाला थांबू?

दिवेलागणीला आला. नखांत पिवळं पिवळं काहीतरी, बोटांची सालं निघालेली. विचारलं, काम काय? म्हणाला, भिंगरीची जागा दुसऱ्या कंपनीला दिली. काउंटरवरची, बसवरची, शिड्यांवरची भिंगरीची स्टिकरं खरवडून काढायची. नवा ठेकेदार माणूस शोधत होता, आणि दत्ताला कुठे काय चिकटवलंय ते ठाऊक. वरचा कागद सुटतो, खालचा डिंक सुटत नाही, म्हणाला.

खोबरेल घेऊन त्याची बोटं चोळली. लहानपणी दम धरायचा नाही, आज धरला.

विचारलं, किती दिवसांचं काम?

म्हणाला, तीन.

मी म्हटलं, सावकाश खरवड.