तासलेली नेक

बाबा, परवा वासणा भागातल्या एका दुकानात मी सात गिटारी हातात घेऊन पाहिल्या. दुकानदाराने पातळ नेकच्या, म्हणजे बारीक दांड्याच्या गिटारी आधी पुढे केल्या, बायकांचा हात लहान म्हणून. प्रत्येक वेळी माझा डावा अंगठा नेकच्या वरच्या काठावरून डोकावत होता, अगदी तुमचा यायचा तसा. लहानपणी गिटारच्या क्लासमधल्या सरांनी मला अंगठा नेकच्या मागे, मधोमध टेकवायला शिकवलं होतं. वर आणायला कुणीच शिकवलं नव्हतं. शेवटी एक जाडजूड नेक हातात आली आणि मूठ भरली. दुकानदार म्हणाला, "बेन, तमने तो जाडी नेक ज फावे छे," तुम्हाला जाड नेकच जमते. मला माझ्याच हाताची भीती वाटली. काही न घेता मी घरी आले.

तुमच्या गिटारची नेक अशीच होती, पाठीवर मधोमध किंचित उंचवटा असलेली. कारेलीबागेतल्या आपल्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी तुम्ही वाजवत बसायचात, आणि गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात तुमची खुर्ची ठरलेली असायची. मी तेरा वर्षांची. या नेकमुळे मनगट दुखतं, अशी मी कुरकुर लावली होती. आई म्हणाली, झेपत नसेल तर क्लास सोड. तुम्ही उठलात. स्वयंपाकघरात जाऊन परातीतून कणकेचा गोळा उचललात आणि माझ्या मुठीत दिलात. "दाब. सहज धरशील तेवढंच." आई कणकेवरून करवादली. रेल्वेच्या वर्कशॉपमधला माणूस तुम्ही, मापाशिवाय कशाला हात लावणार? त्या दाबलेल्या कणकेवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापलात आणि गॅलरीत बसून कानस, मग काचपेपर चालवलात. नेक पातळ, गुळगुळीत झाली, माझ्या हाताच्या मापाची.

त्यावर तुम्ही एकदाच वाजवलंत. दोन गाणी झाली आणि हात झटकत गिटार बाजूला ठेवलीत. त्या वर्षी गणपतीत तुम्ही आमच्याबरोबर समोर सतरंजीवर बसला होतात. कुणी विचारलं तर सांगत होतात, बोटं आखडतात हल्ली, वय झालं. मला ते खरं वाटलं. दिवाळीपर्यंत माझाही क्लास सुटला.

तेव्हाच्या तुमच्यापेक्षा मी आज मोठी आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. दुपारी घरात कुणी नसलं की मी तुमची गिटार काढते. अंगठा आपोआप वर येतो आणि तळव्यात पोकळी राहते. काही मिनिटांत हात आखडतो. तुमचाही अस्साच आखडला असणार, वयाने नव्हे. कधी कधी वाटतं, त्या पोकळीत दुसरा हात आहे. मी खोटं सांगत नाही बाबा, मग मला गिटार खाली ठेवायचंही धैर्य होत नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून कपाटात ठेवीन. एक मात्र लिहून टाकते. माझं मनगट कधीच दुखलं नव्हतं. सोसायटीतल्या मैत्रिणीकडे नवी लाल गिटार आली होती आणि मला तशी हवी होती. तुम्ही कानस हातात घेतलीत तेव्हाही सांगता आलं असतं. मी शेजारीच बसले होते, तुमच्या मांडीवर पडलेला भुसा झाडत.