मऊ गादीची फटफटी

कॅसलरॉक, पौष, मंगळवार संध्याकाळ

पुढच्या सोमवारी बेळगावच्या नोकरीवर हजर व्हायचंय. तिथल्या शहापुरात घेतलेल्या खोलीपासून कॅम्पातलं ऑफिस लांब, म्हणून फटफटी घ्यायची. इथून बदली झालेला रेल्वेचा साहेब त्याच्या दोन जुन्या विकतोय. आज दोन्ही चालवून बघितल्या.

पहिलीची गादी काय मऊ! बसल्याबरोबर ठरवून टाकलं, हीच. पण स्टेशनापुढं शेजारची पार्वतक्का भेटली, डोक्यावर लाकडाची मोळी. "कुठं निघालास रं?" असं विचारल्यावर न थांबता कसं जायचं? थांबलो, तर इंजिनही थांबलं. ह्या जुन्या बनावटीच्या गाडीला क्लचच नाही, चाक थांबलं की इंजिन बंद. पुन्हा ढकलत पळायचं, मग उडी मारून बसायचं. बाजारापर्यंत जो भेटला त्यानं तेच विचारलं. त्या मऊ गादीवर बसलो कमी, धावलोच जास्त.

दुसरीची गादी म्हणजे फळी. पण हिला क्लच आहे, थांबलं तरी फटफट करत उभी राहते. परत येताना पार्वतक्कानं मोळी डोक्यावर तशीच ठेवून सुनेचं बाळंतपण, उळवीची जत्रा, सगळं सांगितलं. वर म्हणाली, "हीच घे. बोलू तरी देतीया."

पटलं. साहेबाला सांगूनही आलो.

आणि आता लिहायला बसलो तर ती मऊ गादीच आठवतेय. रोज बसायचंय मला. थांबायची सोय बघून गाडी घेतली खरी, पण बेळगावात मला थांबवणार कोण?