कॅनडातली मातामाय

प्रिय माय,

काल तुझं वर्षश्राद्ध आटोपलं. भाऊ सकाळीच धानाच्या बांधीत गेला, वहिनी नागभीडच्या बाजाराला. मी एकटीच गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली, मातामायच्या ओट्याशी बसून हे लिहिते आहे. घरात लिहवेना. शिवाय बातमी तुमच्या दोघींचीच आहे, तुझी आणि मातामायची.

मुन्नीच्या वेळी माझ्या बाळंतपणाला तू कॅनडात आलीस, ते आठवतं? बाराव्या दिवशी हटूनच बसलीस. "पोरीले मातामायच्या पाया पाडाचं हाय. कुठी हाय इथची मातामाय?" मी म्हणाले, इथे नसते. केवढी चिडलीस! "इथी लेकरं जन्मत नाई का? मंग लेकरं राखणारी मातामाय नाई कशी?"

आणि जावयाला गाडी काढायला लावून तळ्याकाठचा एक गोटा घेऊन आलीस. मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली ठेवलास, पिशवीतला शेंदूर लावलास आणि मुन्नीला त्याच्यापुढे आडवी केलीस. एका सकाळीत देवी त्या देशाची झाली. व्हिसा लागला नाही की पंडित लागला नाही.

पण मी काय केलं? पुण्याच्या मैत्रिणी जेवायला येणार म्हणून गोट्यापुढे फुलांची कुंडी सरकवली. तू खिडकीतून पाहिलंस. "काऊन व वंदे, मातामायची लाज वाटून राह्यली तुले?" मी पोळ्या लाटत राहिले. तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. रागवायचं तरी होतंस गं! गावी परतलीस, आणि मी तुझ्या मातीलाही पोचले नाही.

आता ऐक. आमच्या शहरातल्या हिंदूंनी यंदा देवळासाठी एक जुना हॉल घेतला. गुजराती, तमिळ, नेपाळी, आणि आपण चार मराठी घरं. कोणते देव बसवायचे, यावर सभा भरली. शेजारची सेल्वी, मूळची श्रीलंकेची, आपला गोटा कुंपणावरून रोज बघायची. ती उठून म्हणाली, "हिच्या अंगणातली देवीही आणू या. आमच्याकडे अशीच मारीअम्मा असते." एक गृहस्थ हसले. "अहो, तो दगड आहे! उद्या मुलांनी विचारलं तर काय सांगायचं?"

माय, मी उठले. म्हणाले, "माझ्या आईने माझ्या मुलीला पहिल्यांदा याच देवीच्या पाया पाडलं. तुमच्या मूर्ती अजून यायच्या आहेत, ही आधीपासून इथे आहे. मुलांना हेच सांगा." मग सभेने होकार दिला.

आत एक कोपरा देऊ केला, तर मी त्यालाही नाही म्हटलं! मातामाय छपराखाली कधी बसली आहे का? फाटकाजवळच्या मेपलखाली ओटा बांधला आणि आषाढात, आखाडीच्या सणाला तिला बसवली. कोंबडं काही देता आलं नाही, निम्मी मंडळी शाकाहारी. नारळ आणि दहीभातावर भागवलं. कडुनिंबाची डहाळी मिळेना म्हणून मेपलचीच बांधली, सेल्वीने लिंबांची माळ घातली. तू आधी नाक मुरडलं असतंस आणि मग पदर खोचून पुढे झाली असतीस. शेंदूर लावताना मला तुझा इतका अभिमान वाटला की रडूच फुटलं. चौथी शिकलेली माझी माय, इंग्रजीचं एक अक्षर न येता परक्या देशात देवी रुजवून आली!

सेल्वीच्या सुनेला मुलगा झालाय. मी परतले की त्याला मातामायपुढे ठेवायचं आहे, आणि ते मीच करावं असा तिचा हट्ट आहे. खरं तर ते काम तुझं. पण शब्द देते, हातपाय चालतात तोवर जे लेकरू आणतील त्याला मी पाया पाडीन. आणि कोणी विचारलं, ही पद्धत कुणाची, तर देवीच्या आधी तुझं नाव सांगीन.

तुझी,
वंदी